डुकराचे हृदय, माणसाचा जीव आणि पहिले शील



परतूर तालुक्यातील आमच्या वस्तीवर रविवारी वंदना झाल्यावर मंडळी विहारात घटकाभर बसतात. परवा एका आजींनी विचारले, "गुरुजी, डुकराचं काळीज माणसाला बसवतात म्हणे. खरं हाय का? अन् मग पाणातिपाताचं काय?" तरुण पोरे हसली. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. एक प्रश्न विज्ञानाचा, दुसरा शीलाचा, आणि दोन्ही नीट विचारलेले. मला तिथल्या तिथे पुरते उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

तर गोष्ट खरी आहे. 7 जानेवारी 2022 रोजी अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 57 वर्षांच्या एका रुग्णाला डुकराचे हृदय बसविले. तो दोन महिने जगला. या संशोधनातील एक प्रमुख डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन हे कराचीत शिकलेले, धर्माने मुसलमान. डुकराविषयी त्यांच्या समाजात काय भावना आहे हे सांगायला नको.

डुकरच का? त्याचे हृदय, मूत्रपिंड आकाराने माणसाच्या अवयवांच्या जवळपास असते. डुकरीण 114 दिवसांत विते, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. एका वेताला अनेक पिल्ले होतात आणि ती लवकर वाढतात. पण उकिरड्यावर फिरणाऱ्या साध्या डुकराचे हृदय उचलून बसविले तर माणसाचे शरीर ते काही तासांत नासवून टाकते. कारण डुकराच्या पेशींवर एक विशिष्ट साखर असते, जी आपल्या पेशींवर नसते. तिच्याविरुद्ध लढणारी द्रव्ये आपल्या रक्तात आधीच तयार असतात.

ती साखर तयार करण्याची सूचना डुकराच्या जनुकात असते. जनुक म्हणजे पेशीच्या केंद्रकात, जणू वहीत लिहून ठेवलेला हुकूम. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत डुकराच्या पेशीतील तो हुकूम खोडतात आणि माणसाचे काही हुकूम तीत लिहितात. मग डुकरिणीच्या एका अंड्यातले केंद्रक काढून तिथे या बदललेल्या पेशीचे केंद्रक घालतात. त्यातून गर्भ वाढू लागला की तो दुसऱ्या डुकरिणीच्या पोटात ठेवतात. बरेचसे गर्भ टिकत नाहीत. जे पिल्लू जन्मते त्याच्या अंगातील प्रत्येक पेशीत तो बदल असतो. मेरीलँडच्या हृदयासाठी असे दहा बदल केले होते: डुकराची चार जनुके बंद, माणसाची सहा घातलेली. एवढे करूनही त्या हृदयात डुकराचा एक विषाणू लपलेला निघाला. पुढे बॉस्टन येथे जानेवारी 2025 मध्ये बसविलेले डुकराचे मूत्रपिंड मात्र जवळजवळ नऊ महिने चालले.

आता शील. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी एक भेद दाखविला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. मरणाच्या दारातील माणसासाठी डुकराचा जीव घेणे हे इच्छेत येत नाही, असे माझे मत आहे. पण तेवढ्यावर मला समाधान वाटत नाही, कारण गरज ही कायमची ठरलेली वस्तू नव्हे. ज्ञान वाढले की ती कमी होते.

याचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत. त्या काळचे इन्सुलिन गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. माणसाचे इन्सुलिन 51 घटकांचे बनलेले असते. डुकराच्या इन्सुलिनमध्ये त्यांपैकी फक्त एक घटक वेगळा. (गावात ज्या जनावराच्या नावाने शिवी देतात त्याच्यात आणि शिवी देणाऱ्यात या बाबतीत एवढेच अंतर!) पुढे 1978 मध्ये माणसाचे जनुक जिवाणूत घालून इन्सुलिन बनविण्यात आले आणि 1982 पासून ते बाजारात मिळू लागले. आपल्या देशात वोखार्ट कंपनीने 2003 मध्ये असे इन्सुलिन आणले. तिचा त्यासाठीचा कारखाना आपल्या शेजारीच, आजच्या छत्रपती संभाजीनगरला उभा राहिला. म्हणजे ज्या जनुकविद्येने आज डुक्कर बदलले जाते, तिनेच इन्सुलिनसाठी डुक्कर मारण्याची गरज संपविली. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन मात्र आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून काढतात. तिथली गरज अजून संपलेली नाही.

एवढे सांगून झाल्यावर आजींनी तिसरा प्रश्न टाकला. "आधी कुणावर करून बघत्यात?" मी गप्पच झालो. आपल्याच देशात आसामातील सोनापूर येथे जानेवारी 1997 मध्ये डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचे हृदय एका 32 वर्षांच्या माणसाला बसविले होते. डुक्कर जनुक न बदललेले, साधे. रुग्ण सात दिवसांत दगावला. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याखाली डॉक्टरांना अटक झाली आणि 40 दिवस तुरुंगात राहावे लागले. काही लोक त्यांना काळाच्या पुढचा माणूस म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. शास्त्रात नवे काही करणाऱ्याने ते आधी इतर जाणकारांपुढे ठेवायचे असते, तपासू द्यायचे असते. ऐकले म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले, ते डॉक्टरांनाही लागू आहे.

आजींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा कागदावर त्यांचा अंगठा घेतला होता. त्यावर काय लिहिले होते ते त्यांना कोणी वाचून दाखविले नाही, त्यांनीही विचारले नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर आपण दवाखान्याचे संमतिपत्र ओळीओळीने वाचणार आहोत. ज्यांच्या घरी असे जुने कागद असतील त्यांनी ते सोबत आणावेत. आजी त्यांचा आणणार आहेत.