लग्नाचा मांडव कोठे घालावा?

गतवर्षी दिवाळीनंतर पनवेल तालुक्यातील एका खेड्यात आम्ही एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. मुलीचा विवाह ठरला होता आणि घरात एकाच गोष्टीची चर्चा चालली होती: मांडव कोठे घालावा? मुलीच्या भावाचे म्हणणे, महामार्गालगतचे एखादे लॉन भाड्याने घ्यावे. बापाचे म्हणणे, आजवर झाले तसे दारातच व्हावे. चुलत्याचे म्हणणे, भाताची कापणी झालेली आहे, तेव्हा खाचरातच शामियाना उभारावा. सर्वजण बोलत होते. भिंतीला टेकून बसलेली आजी मात्र गप्प होती. आम्ही तिला विचारिले, "आजी, तुमचे काय म्हणणे?" ती म्हणाली, "मला कुठंही न्या. बसायला सावली असावी, नि मोरीला लांब जावं लागू नये, एवढंच."

सर्वजण हसले. परंतु आम्हांस असे वाटले की, तासभर चाललेल्या त्या चर्चेत खरा मुद्दा काय तो आजीनेच काढिला. त्याच मुद्द्यावर हा पाठ आहे.

पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे. लग्न म्हणजे दारापुढे मांडव, हे ठरलेलेच होते. आगरी घरांत त्याच मांडवात धवलारीण धवले गाई आणि शेजारच्या अंगणात पंगती उठत. पुढे १९७० साली सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादन झाल्या. खळी गेली, माळ गेले, अंगणे आखडली. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात नव्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. ज्या गावात मांडवाला जागा शोधावी लागत नसे, तेथे आज ती विकत किंवा भाड्याने घ्यावी लागते. म्हणून निवड करण्याचे काम आमच्यापुढे नव्यानेच आले आहे, आणि ते कसे करावे हे वडिलांनी आम्हांस शिकविलेले नाही.

आमचे सांगणे थोडक्यात असे: जागेची परीक्षा सर्वांत अशक्त पाहुण्याच्या सोयीने करावी. धडधाकट तरुण कोठेही उभा राहील. परंतु आजी, अंगावर पाजणारी माता, पाच वर्षांचे मूल व काठी टेकीत येणारा चुलता, ही ज्या जागी सुखाने बसतील व सुखाने घरी परततील, ती जागा चांगली. हे माप हाती घेऊन पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्या.

१. ऊन व पाऊस. १६ एप्रिल २०२३ रोजी याच तालुक्यातील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा मोठा समारंभ भर उन्हात मोकळ्या मैदानावर झाला. मंचावर छत होते, पण समोर बसलेल्या लाखो लोकांच्या डोक्यावर नव्हते. उष्माघाताने चौदा माणसे दगावली. त्या दिवशी जवळच्या वेधशाळेत पारा सुमारे ३८ अंशांवर होता, म्हणजे कोकणच्या एप्रिलात काही अपूर्व नव्हे. परंतु समुद्राकडील दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही म्हणजे अंग थंड होत नाही. आमची बहुतेक लग्ने एप्रिल व मे महिन्यांतच होतात. म्हणून जागा पाहावयास जाणे ती ज्या वेळी लग्न लागावयाचे त्याच वेळी जावे. सकाळी आठ वाजता जी जागा रम्य दिसते, ती दुपारी एक वाजता भट्टी होते. झाडांची सावली असल्यास ती सोडू नये. मांडवाच्या बाजू कनातींनी बंद करू नयेत. वारा आरपार गेला पाहिजे.

पावसाविषयीही निर्धास्त राहू नये. मुंबईकडे मान्सून येण्याची नेहमीची तारीख ११ जून. परंतु २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन थडकला. भाताचे खाचर हे मुळी पाणी साठविण्यासाठीच बांध घालून केलेले असते. उन्हाळ्यात ते सपाट व स्वस्त दिसते, पण एक जोराची सर आली की त्याचे तळे होते. मेढी ढिल्या होतात आणि म्हातारी माणसे चिखलात अडकतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात लग्न असेल तर खाचर घेऊ नये. हिवाळ्यात घ्यावयाचे असल्यास धसकटे काढून जमीन चोपून घ्यावी आणि पाण्याला वाट ठेवावी.

२. पाणी व मोरी. आमचा अंदाज असा की पिणे, स्वयंपाक, हात धुणे व भांडी मिळून माणशी दहा लिटर पाणी तरी धरावे. पाचशे माणसांस पाच हजार लिटर झाले. ते कोठून येणार, टँकर जागेपर्यंत पोहोचतो की नाही, हे भाडे ठरविण्यापूर्वी विचारावे. स्त्रियांसाठी शौचकूप किती आहेत व तेथे रात्री दिवा असतो की नाही, हे पुरुष सहसा पाहत नाहीत. म्हणून जागा पाहावयास जाताना घरातील एका स्त्रीस अवश्य बरोबर न्यावे.

३. अग्नी. या बाबतीत जराही ढिलाई करू नये. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली येथे एका विवाहगृहाच्या आवारात शाळेचा बक्षीस समारंभ चालला असता शामियान्याने पेट घेतला. कापड कृत्रिम धाग्याचे होते. ते जळत जळत माणसांच्या अंगावर पडले. बाहेर पडावयास वाट अपुरी होती. चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, त्यांत बहुसंख्य लेकरे होती. पुढे २३ जानेवारी २००४ रोजी तमिळनाडूतील श्रीरंगम येथे एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर घातलेला झावळ्यांचा मांडव लग्नाच्या वेळीच पेटला. पन्नासहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत स्वतः नवरदेवही होता.

अशा तात्पुरत्या मांडवांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नियम सांगितले आहेत. कृत्रिम धाग्याचे कापड व दोर वापरू नयेत. छत तीन मीटरांहून खाली नसावे. विजेच्या चालू तारांखाली मांडव घालू नये. पनवेलच्या आसपास उच्च दाबाच्या तारा पुष्कळ जागांवरून गेल्या आहेत, तेव्हा जागा पाहताना मान वर करून पाहावे. आम्ही आणखी एवढे सांगतो: बाहेर जाण्याच्या वाटा निदान दोन व समोरासमोरच्या दिशांस असाव्या, आणि खुर्च्या किंवा शोभेच्या कमानी लावून त्या अडवू नयेत. आचाऱ्याची चूल व गॅसचे सिलिंडर मांडवापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवावे. मंडपवाल्यास हे सांगावयास संकोच वाटतो. परंतु एक क्षणाचा संकोच बरा.

४. वाट. पनवेलला रेल्वेचे जंक्शन आहे, एस्. टी. चे आगार आहे, आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग येथूनच निघतो. त्यामुळे जागा नकाशावर जवळ दिसते. परंतु महामार्गालगतच्या लॉनात ज्याच्यापाशी मोटार आहे तो सुखाने येतो. ज्याच्यापाशी नाही त्यास फाट्यावर उतरून, भरधाव वाहनांमधून, लेकरांचे हात धरून रस्ता ओलांडावा लागतो, आणि रात्री शेवटची गाडी चुकली तर तेथेच ताटकळत बसावे लागते. आपल्या पाहुण्यांपैकी किती जण एस्. टी. ने येणार, हे आधी मोजावे. ती संख्या मोठी असेल तर स्थानकाजवळचे साधे कार्यालय महामार्गावरील सुंदर लॉनापेक्षा चांगले.

५. शेजार. मांडवात न आलेली माणसेही मांडव सोशीत असतात. शेजारी कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरांपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र मानिला जातो. हळदीच्या रात्री हा नियम किती ठिकाणी पाळला जातो, हे वाचकांस ठाऊक आहेच. रस्त्यावर मांडव घालावयाचा असल्यास महानगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची व पोलिसांची परवानगी आधी घ्यावी, आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी सोडावी. ज्यांच्या दारापुढे मेढ रोवावयाची, त्यांच्या घरी आमंत्रणापूर्वी जाऊन विचारावे.

६. कायदा. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांस ठाऊक नसते की, १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विवाहविधी सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळातच व्हावा लागतो, आणि पाळकास द्यावयाच्या सूचनेत विधी कोणत्या उपासनामंदिरात किंवा खाजगी घरी होणार हे लिहावे लागते. लॉन रात्रीचे घेतले, वरात उशिरा आली, आणि पाळक घड्याळाकडे पाहत बसला, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. म्हणून विधी दिवसा उपासनामंदिरात व्हावा आणि मांडव भोजनासाठी असावा, हेच सोयीचे. तसे केल्यास मांडवही लहान पुरतो.

७. खर्च. जागेचे भाडे हा खर्चाचा केवळ आरंभ होय. जागा मोठी असली की ती रिकामी दिसू नये म्हणून आमंत्रणे वाढतात. आमंत्रणे वाढली की ताटे वाढतात. आणि झगमगाट कमी पडू नये म्हणून दिवे वाढतात. अशा रीतीने जागाच यजमानास ओढीत नेते. एका दिवसाच्या शोभेसाठी उरलासुरला जमिनीचा तुकडा गहाण पडल्याचे आम्ही पाहिले आहे. नवविवाहित दांपत्याची पहिली वर्षे त्या व्याजातच गेली. आधी पाहुणे मोजावे, मग जागा शोधावी. उलट करू नये.

त्या कुटुंबाने शेवटी काय केले, हे वाचक विचारतील. बाप शेजाऱ्याकडे गेला आणि मधले कुंपण दोन दिवसांसाठी काढण्याची परवानगी मागितली. दोन अंगणांचे एक झाले. लग्न सकाळी उपासनामंदिरात लागले. जेवणे दोन पंगतींत, सुती कापडाच्या मांडवाखाली, आंब्याच्या सावलीत झाली. भाऊ प्रथम थोडा खट्टू होता. आजी घराच्या ओटीवर बसून आल्यागेल्यास आशीर्वाद देत होती, आणि मोरी दहा पावलांवर होती. कुंपण पुन्हा घातले तेव्हा शेजाऱ्याने त्यात एक फाटक ठेविले, ते अद्याप आहे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गावातील शेवटच्या तीन लग्नांत सर्वांत अधिक त्रास कोणास झाला, व तो कशामुळे?

२. आपल्या मांडवातून बाहेर पडण्याच्या वाटा किती होत्या? अंधारात त्या सापडल्या असत्या काय?

३. मंडळीतील कुटुंबांनी भांडी, सतरंज्या व सुती मांडव सामाईक ठेविल्यास एका लग्नामागे किती खर्च वाचेल, याचा हिशेब करून पुढील सभेत मांडावा.