कापड काळं झालं पाहिजे

अगं मने, काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला झोपच लागली नाही. गणपतीला अप्पा मालवणला येणार, आल्या आल्या पडवीतल्या बुलेटवरून हात फिरवणार, आणि इंजिनाची ती राखाडी, पांढरट डागांची कव्हरं बघून त्यांना काय वाटेल, म्हणून तू रडवेली झाली होतीस. आधी हे मनातून काढून टाक की तू गाडीची हेळसांड केलीस. साताऱ्याच्या कोरड्या हवेत जी गाडी तीस वर्षं चकाकली, तिने समुद्रापासून हाकेच्या अंतरावर दोन पावसाळे काढलेत. तिची कळा जाणारच होती.

अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडची साय धरते, जेमतेम चार-पाच नॅनोमीटरची. ती दिसतही नाही, पण आतला धातू तीच राखते. खारं वारं आणि दमट हवा ही साय जागोजाग फोडतात, मग बारीक खड्डे पडतात आणि त्यांतून पांढरी भुकटी वर येते. तुला दिसतायत ते डाग हेच.

आता तुला आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगते. गाडी तुझ्याकडे यायच्या आदल्या वर्षी मी ती एका वॉशिंग सेंटरला दिली होती. तिथल्या पोराने कसलंसं लिक्विड मारलं, फस्सकन फेस आला, आणि पाणी मारल्यावर डाव्या बाजूचं चेनकव्हर खडूसारखं पांढरंफटक. मी घरी येऊन रडले. तीन रविवार घासून ते जागेवर आणलं आणि अप्पांना कळू दिलं नाही. म्हणून तुला हात जोडून सांगते, बाथरूमचं अ‍ॅसिड, कॉस्टिक, धुण्याचा सोडा यांतलं काहीही इंजिनाला लावू नकोस. अ‍ॅल्युमिनियमला आम्लही खातं आणि खारही खातो. आईचं ते जुनं पातेलं आठव. नुसतं पाणी उकळून आतून काळं पडायचं आणि त्यातच चिंचेचं सार केलं की उजळायचं. पण उजळायचं म्हणजे पांढरं व्हायचं, त्यात तोंड कधी दिसलं का? चमक म्हणजे पृष्ठभागाची सपाटी. बारीक ओरखडे आणि खड्डे निघाले की उजेड सरळ परत फिरतो. हे काम कुठलीही बाटली करत नाही, हात करतो. आणि ट्रकवाल्यांसाठी जे झटपट उजळवणारे ब्राइटनर मिळतात, त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते कातडीतून हाडापर्यंत उतरतं आणि सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. ते घरात आणायचंच नाही, ऐकतेयस ना?

सुरुवात ओळखीपासून कर. फ्रिजवरचा मॅग्नेट घे आणि गाडीभर फिरव. आपली जुनी बुलेट आहे, तिचा सिलिंडर बिडाचा, तिथे मॅग्नेट चिकटेल. मडगार्ड आणि सायलेन्सरलाही चिकटेल, ते क्रोम मारलेलं लोखंड आहे. त्याला घासायचा वॉटर पेपर लावायचा नाही, क्रोम उडून जाईल. उजवीकडचं टायमिंग कव्हर आणि डावीकडचं चेनकव्हर, इथे चिकटणार नाही. तुझं काम या दोन्हींवर. हेडच्या पंख्यांच्या नादी लागू नकोस, ते ओतकामाचं खरबरीतच शोभतं.

इंजिन पूर्ण गार असू दे. तेलाचा चिकटा डिझेलच्या फडक्याने काढ, मग भांड्यांच्या सौम्य साबणाने धू आणि कोरडं पूस. आता कव्हरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात मेटल पॉलिशचा ठिपका लावून घास. कापड काळं झालं तर धातू उघडा आहे. कितीही घासून कापड स्वच्छच राहिलं तर वर लॅकर आहे, ते आधी पेंट रिमूव्हरने काढावं लागेल, हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत.

पेपरची घाई करू नकोस. खड्डे नसतील तर पेपरची गरजच नाही, नुसत्या पॉलिशने भागेल. तुझ्या कव्हरवर खड्डे आहेत, म्हणून 400 नंबरच्या वॉटर पेपरने सुरू कर, मग 600, 800, 1000, 1500 आणि शेवटी 2000. पेपर कायम ओला, पाण्यात साबणाचे दोन थेंब. 400 आडवा फिरवलास तर 600 उभा फिरव, म्हणजे आधीच्या रेघा राहिल्यात का ते लगेच दिसतं. त्या पुरत्या गेल्याशिवाय पुढच्या नंबरला जायचं नाही. आणि नंबर बदलताना कव्हर धू, पाणी बदल. मी एकदा तेच पाणी वापरलं, त्यातला जुन्या पेपरचा एक कण शेवटच्या हाताला लांब रेघ ओढून गेला आणि मला परत 800 वर यावं लागलं. तारेची घासणी तर लांबच ठेव. लोखंडाचे कण धातूत रुततात आणि आठवड्यात गंजाचे ठिपके उमटतात.

2000 झाल्यावर कव्हर धुरकट पण रेशमासारखं लागेल. तिथे तळहाताएवढाच भाग घे. जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर हरभऱ्याएवढं पॉलिश घेऊन गोल गोल घास. कापड काळंकुट्ट होईल, बोटं काळी होतील, आणि तुला वाटेल आपण घाण पसरवतोय. थांबू नकोस. तो काळेपणा म्हणजे निघून आलेला धातू आहे. पॉलिश सुकायच्या आत कापडाची कोरी बाजू घेऊन पूस, आणि त्या काळ्यातून एकदम पडवीचे वासे दिसायला लागतील. मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मी अप्पांना हाक मारली होती, तू लहान होतीस. खाचांत अडकलेलं पॉलिश चिमूटभर मैदा चोळून निघतं.

बाजारात बफ मारून मिळतं, लवकरही होतं. पण यंत्राचा हात जड असतो, कव्हरच्या कडा आणि त्यावरची अक्षरं झिजतात. शिवाय त्यासाठी कव्हर उतरवायला लागेल, आणि पावसाळ्यात त्या चेनकव्हरचं तेल गळणं तू मागे लावून घेऊ नयेस असं मला वाटतं.

शेवटी गाडीचं वॅक्स पातळ लाव, पण ब्रेकच्या आसपास नाही. इंजिनाच्या उष्णतेने ते फार टिकत नाही, दर पंधरवड्याला परत लाव. आणि आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरडी पुसायची, मालवणात याला पर्याय नाही.

येत्या रविवारी फक्त टायमिंग कव्हर घे, त्यातलाही पुढचा वीतभर भाग. चकचकीत कव्हरचा फोटो नको मला, तुझ्या काळ्या कापडाचा पाठव. ते बघून मी सांगते पुढे काय ते.

तुझी ताई