जॅकेट नंतर, आधी अंगालगतचं बघ

सोनू, केदारकंठाच्या ट्रेकचं ठरल्यापासून तू जॅकेटांचेच फोटो पाठवते आहेस. रंग सुंदर आहेत गं, पण मला आधी तुझ्या टी-शर्टबद्दल बोलायचंय. डिसेंबरात साडेबारा हजार फुटांवर थंडी असणारच. तिला वाट करून देतो तो चढताना आलेला आपलाच घाम. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. भिजलेला टी-शर्ट, तू दम खायला थांबलीस की, गार होऊन पाठीला चिकटतो. मग वरून कितीही महागाचं जॅकेट घाल, हुडहुडी जात नाही.

सुती कापडावर माझा जीव आहे, तुला माहितीये. पण कापसाचा तंतू पाणी पोटात घेतो, फुगतो आणि ते सोडायला फार वेळ लावतो. म्हणून डोंगरात सुती टी-शर्ट नको, आणि जीन्स तर मुळीच नको. पॉलिएस्टरचा तंतू स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा आत घेत नाही. तरी तो घाम टिपतो, कारण पाणी तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून सरकतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं ना, तसंच. चांगल्या ड्रायफिट कापडाच्या तंतूंना मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात, म्हणजे या वाटा वाढतात. घाम कातडीवरून बाहेरच्या बाजूला येतो, तिथे पातळ पसरतो आणि लवकर उडून जातो. खोड एकच, घामातला तेलकटपणा पॉलिएस्टर धरून ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वास येतो.

लोकरीचं तसं नाही. बर्फातल्या ट्रेकसाठी एक तरी मेरिनोचा थर घे असं मी म्हणेन, महाग असला तरी. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के वाफ आत घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वाफ शोषताना थोडी ऊबही देते. आपले धनगर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन मेंढरांमागे उभे राहतात, त्यामागे हेच आहे. घोंगडीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचणारी. मेरिनोचा तंतू बहुधा २० मायक्रॉनच्या आत असतो, म्हणून तो थेट कातडीवर चालतो.

त्यावर फ्लीस. फ्लीसचं काम साधं आहे, हवा अडकवून ठेवायची. वारा आला की ती हवा निघून जाते, म्हणून फ्लीसवर काहीतरी वारा अडवणारं हवंच.

आता तुझं जॅकेट. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफईची कांडी झटक्यात ओढली आणि ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. पीटीएफई म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन. ओढल्यावर त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. पाण्याच्या थेंबाला ती फार लहान, वाफेला मात्र पुरेशी मोठी. मूळचं गोर-टेक्स ते हेच. पाऊस आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते.

पण वाफ आपणहून बाहेर जात नाही गं. आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती निघते. हिमालयातल्या कोरड्या थंड हवेत हा फरक मोठा असतो. जुलैत कळसूबाईला मात्र बाहेरची हवाच वाफेनं भरलेली आणि बऱ्यापैकी उबदार. तिथे हजारोंचं जॅकेटसुद्धा आतून ओलं होतं. म्हणून सह्याद्रीतल्या पावसाळ्यासाठी त्यावर पैसे घालू नकोस. तिथे भिजायचंच हे धरून चाल. ड्रायफिट, लवकर वाळणारी ट्रेक पँट, माथ्यावरच्या वाऱ्यासाठी पातळ विंडचीटर, आणि कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी. एवढं पुरतं.

जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक लेपही असतो. तो झिजला की थेंब घरंगळत नाहीत, कापड पाणी पिऊन बसतं आणि वाफेची वाट बंद होते. अंगाला ओल जाणवते, लोक म्हणतात जॅकेट गळलं. बहुतेक वेळा तो आपलाच घाम असतो. तेव्हा सौम्य लिक्विड साबणानं धू, भरपूर खळबळून काढ, आणि लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर वर कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरव. उष्णतेनं तो लेप पुन्हा जागा होतो. फॅब्रिक कंडिशनर मात्र ना जॅकेटला लाव, ना ड्रायफिटला. त्याचा थर बसला की पाणी सरकायचं थांबतं. विकत घेताना लेप पीएफएएस नसलेला आहे ना, तेही विचार. ती रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत आणि डोंगरातलं पाणी आपणच पितो.

पैसे कमी पडत असतील तर जाड जॅकेट पायथ्याच्या सांकरी गावात भाड्यानं मिळतं. अंगालगतचे दोन थर तेवढे स्वतःचे घे. आणि जॅकेट कुठलंही असो, फ्लीस घालून त्यावर चढवून बघ, हात डोक्यावर नेऊन बघ. काखेत आवळलं तर एक माप मोठं माग.