सणाची काळजी

डिसेंबर लागला की घरोघरी हिशेब सुरू होतो: कापसाचे पैसे आले नाहीत, मुलांना कपडे हवेत, पाहुणे यायचेत. मार्थाचीही अशीच तगमग झाली (लूक १०:३८-४२). प्रभूने तिच्या सेवेला नावे ठेवली नाहीत. तिची चिंता तिला दाखवून दिली.

तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगे, आपल्या हाती काय आहे आणि काय नाही हे आधी ओळखा. कापसाचा भाव आपल्या हाती नाही. कर्ज न काढता सण करणे आहे. पतिपत्नींनी खर्च आधीच ठरवावा, कामे वाटून घ्यावीत.

झोप उडाली, जीव सतत घाबरा होऊ लागला, तर लाजू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. २०२२ पासूनची ही सेवा मोफत आहे.

मननासाठी: आज मिस्सेत मी कोणती काळजी प्रभूपुढे ठेवीन?