वजरी, पार्लर आणि सासूबाईंचे पाय

प्रश्न : माझी भाची लग्नाआधी बीडला पार्लरमध्ये जाऊन पेडिक्युअर करून आली. पाय खरोखरच सुरेख दिसायला लागले. माझ्या सासूबाई बरीच वर्षं ऊसतोडीला जात होत्या. त्यांच्या टाचांना खोल भेगा आहेत, तळव्याला घट्टे आहेत आणि आता शुगरही निघाली आहे. त्यांनाही पार्लरला न्यावं का? त्या म्हणतात, ‘टाच घासायला माझी वजरी बरी.’ पेडिक्युअरने भेगा खरंच जातात, की तो नुसता दिसण्यापुरता प्रकार आहे? (एक वाचक भगिनी, गेवराई तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन निरनिराळे पाय आहेत. भाचीच्या पायाला छान दिसायचं आहे, सासूबाईंच्या पायाला धड राहायचं आहे. पेडिक्युअर हा शब्द दोन्हीकडे वापरतात, म्हणून घोटाळा होतो. तो सोडवण्याआधी भेगा पडतात कशा, ते बघू.

आपल्या अंगावरच्या बहुतेक कातडीत तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तळव्याला त्या अजिबात नसतात. तिथे असतात त्या फक्त घामाच्या ग्रंथी. त्यामुळे टाचेची कातडी मऊ राहते ती तिच्यातल्या पाण्यावर, आणि ते पाणी धरून ठेवायला वर तेलाचा थर नसतो. त्यात ही कातडी अंगावरची सगळ्यात जाड. आपण उभे राहिलो की टाचेखालची चरबीची गादी दाबली जाऊन बाजूंना पसरते. कातडी ओलसर असेल तर तीही ताणली जाते. कोरडी, टणक असेल तर ताणली जात नाही, चिरते. म्हणूनच भेगा टाचेच्या मधोमध पडत नाहीत, कडेने पडतात. मागून उघडी असलेली चप्पल या पसरण्याला आडकाठी करत नाही, त्यामुळे चप्पल वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त.

आता हेच उसाच्या फडात नेऊन बघा. बीडमधून टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे वर्षातले नेमके थंड आणि कोरडे महिने फडात जातात. पहाटे दवाने भिजलेल्या पाचटात पाय, दुपारी त्याच पायांवर ऊन आणि माती. कातडी पुन्हा पुन्हा भिजून वाळली की तिच्यातला उरलासुरला ओलावाही निघून जातो. वर डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, तेव्हा सगळा भार पावलाच्या थोड्याशा भागावर येतो. जिथे दाब आणि घर्षण, तिथे शरीर स्वतःच्या रक्षणासाठी कातडी जाड करतं. तो झाला घट्टा. एकाच ठिकाणी टोकदार दाब पडून मध्ये कठीण खिळा तयार झाला की त्याला कुरूप म्हणतात. सासूबाईंच्या पायाचा इतिहास असा त्यांच्या कामातून घडलेला आहे.

त्यामुळे ‘पाय नीट धूत नाहीत म्हणून भेगा पडतात’ हे बोलणं सोडून द्यायला हवं. बायकांना ते फार ऐकावं लागतं आणि ते खोटं आहे. भेग आधी पडते, मळ नंतर तिच्यात बसतो. उलट साबणाने आणि दगडाने सारखं घासत राहिलं तर कातडी आणखी कोरडी होते. दुसरा समज म्हणजे कॅल्शियम कमी झालं की भेगा पडतात. बहुतेकांच्या भेगांचा कॅल्शियमशी काही संबंध नसतो. थायरॉईड मंदावणं, मधुमेह, सोरायसिस, इसब किंवा तळव्याची बुरशी ही कारणं मात्र खरी आहेत. बुरशीत बऱ्याचदा तळव्याला बारीक पांढुरका कोंडा धरतो, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. अशा वेळी नुसत्या क्रीमने भागत नाही, डॉक्टरांकडून औषध घ्यावं लागतं.

आता पार्लरमध्ये काय करतात? पाय कोमट पाण्यात भिजवतात, स्क्रबने मळ काढतात, टाच घासतात, नखं कापून घासून आकार देतात, मालिश करतात आणि हवी तर नेलपॉलिश लावतात. यातलं भिजवणं, घासणं आणि शेवटी लावलेलं क्रीम हे तीन टप्पे भेगांना खरोखर उपयोगाचे आहेत. बाकीचं सुखाचं आणि सजावटीचं आहे, आणि त्यात वाईट काही नाही. कष्ट करणाऱ्या बाईच्या पायांना कुणीतरी तासभर हात लावावा, ही गोष्ट मला तरी चैन वाटत नाही. मात्र भेगा एका फेरीत जातील ही अपेक्षा ठेवू नका. दाब तोच, चप्पल तीच आणि कोरडेपणा तोच असेल, तर काही आठवड्यांत कातडी पुन्हा जाड होते.

म्हणून सासूबाईंची वजरी अर्धी बरोबर आहे. अंघोळीनंतर भिजलेल्या कातडीवर वजरी हलक्या हाताने फिरवली की पार्लरमधलं घासण्याचं काम घरीच होतं. चुकतं ते पुढे. वजरी फिरवून झाली की बाई तशाच ओल्या पायांनी कामाला लागते, आणि कातडीत शिरलेलं पाणी पाच-दहा मिनिटांत उडून जातं. पाय टिपून, कातडी किंचित ओलसर असतानाच खोबरेल, एरंडेल, व्हॅसलीन किंवा कोकमाचं तेल, जे घरात असेल ते चोळायचं. कोकमाचं तेल घट्ट असतं, ते कोमट करून घ्यायचं. आपल्याकडे जुन्या बायका राळ, तेल आणि मेण कढवून मलम करत, त्यामागचं तत्त्व हेच : वर थर देऊन पाणी आत अडवायचं. औषधाच्या दुकानात युरिया असलेलं क्रीम मिळतं. युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो आणि टणक थर मऊही करतो, म्हणून जाड टाचांना ते तेलापेक्षा सरस. रात्री लावून वर सुती मोजे घातले की पंधरा दिवसांत फरक कळतो. वजरी प्रत्येकाची वेगळी असावी आणि वापरून झाल्यावर वाळू द्यावी.

भाचीसाठी दोन-तीन गोष्टी. पार्लरमध्ये टबाकडे नीट बघायचं. २००० साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल या गावी एका सलूनमध्ये पाय भिजवलेल्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर महिनोन्‌महिने न भरणारी गळवं आली. शोध घेतला तेव्हा पाणी फिरवणाऱ्या टबाच्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साठलेला सापडला आणि त्यात मायकोबॅक्टेरियम जातीचे जंतू वाढलेले होते. टब वरून चकचकीत दिसणं पुरेसं नाही, हा त्यातला धडा. पाण्याचे फवारे सोडणाऱ्या टबापेक्षा साधी, घासून धुता येणारी बादली जास्त सुरक्षित. त्या रुग्णांमध्ये पाय भिजवण्याआधी पायांचे केस काढलेल्या बायका जास्त होत्या, कारण त्या बारीक कापांतून जंतू आत शिरले. तेव्हा वॅक्सिंग किंवा रेझर आणि पेडिक्युअर एका दिवशी करू नये.

टाचेवर पत्ती चालवू द्यायची नाही. पत्तीने कातडी लगेच गुळगुळीत होते खरी, पण निरोगी कातडीही निघते. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू द्यायची नाही, कारण ती नख आणि बोट यांच्यामधली फट बुजवते. ती कापली की जंतूंना वाट मिळते आणि नखुरडं होतं. अंगठ्याचं नख सरळ कापावं, कोपरे खोलवर गोल केले की नख बाजूच्या मांसात रुततं. नखं पिवळी, जाड, भुसभुशीत झाली असतील तर पॉलिशने ती झाकू नये. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं आणि पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. बुरशी लपवली तर तेवढा काळ ती आरामात पसरत राहते. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये मासे पाय कुरतडतात तो प्रकारही मी टाळायला सांगेन. दोन माणसांच्या मध्ये माशांना उकळून घेता येत नाही. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०११ सालीच मधुमेही लोकांनी यात पाय घालू नयेत, असं सांगितलं होतं.

आता सासूबाई. त्यांच्या बाबतीत भेग किती खोल आहे याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा : पायाला स्पर्श कळतो का? बरीच वर्षं साखर वाढलेली असली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. साखर नुकतीच निघाली म्हणजे ती नुकतीच वाढली असं नसतं. घरी एक साधी तपासणी करता येते. त्यांना डोळे मिटून पडू द्या. तुमच्या बोटाच्या टोकाने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, अशा सहा ठिकाणी एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबायचं नाही, घासायचं नाही. प्रत्येक वेळी ‘कळलं’ म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहेत असं समजून डॉक्टरांना दाखवायचे. सहाही ठिकाणी कळलं तरी तपासणी टाळायची नाही, कारण पायातला रक्तपुरवठा स्पर्शावरून कळत नाही.

बधिरपणाला एवढं महत्त्व का, ते कुष्ठरोगाने शिकवलं. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरुग्णांच्या पायांचे लचके रोग तोडत नाही. दुखणं कळत नाही म्हणून माणूस त्याच खड्यावर, त्याच खिळ्यावर चालत राहतो आणि पाय झिजत जातो. त्यातून उभी राहिलेली निगा आजही सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात शिकवतात : रोज पाय न्याहाळायचे, साध्या पाण्यात भिजवायचे, जाड कातडी खरवडायची, तेल लावायचं. मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपलाही या कार्यक्रमात मोफत देतात. माझ्या मते आपल्याकडचं खरं औषधी पेडिक्युअर हेच, आणि ते पार्लर येण्याच्या कितीतरी आधीपासून खेड्यापाड्यांत चालू आहे.

मधुमेहात यातला काही भाग बदलतो. पाय फार वेळ भिजत ठेवायचे नाहीत, कारण बोटांच्या बेचक्या ओल्या राहून तिथली कातडी फाटते. धुवायचे, बेचक्या कोरड्या करायच्या, तेल किंवा क्रीम तळव्याला आणि टाचेला लावायचं, बेचक्यांत नाही. पाणी गरम आहे का, ते सुनेने हाताचं कोपर बुडवून बघावं. बधिर पायाला चटका कळत नाही. भेगेत बिब्ब्याचं तेल सोडायची जुनी सवय असेल तर ती आजपासून बंद. बिब्बा धडधाकट कातडीवरही उततो, मग बधिर पायाची जखम किती खोल गेली हे कुणालाच कळत नाही. वितळलेलं मेण, कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्या आणि फेविक्विकसुद्धा नको. पट्टीतलं आम्ल कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही.

आणि वजरी? मधुमेहाने बधिर झालेल्या पायाच्या घट्ट्यावर ती स्वतः फिरवू नये. घट्टा जाड झाला की चालताना खड्यासारखा आत रुततो, खाली रक्त साकळतं आणि वरून काही दिसायच्या आत जखम तयार होते. तो काढायलाच हवा, पण तो शिकलेल्या हाताने, निर्जंतुक हत्याराने. हेही औषधी पेडिक्युअरच. त्यासाठी बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जागा आहे, पार्लर नव्हे. साखरेची नियमित तपासणी गावच्या आरोग्य उपकेंद्रातही होते, तिशीपुढच्या सगळ्यांसाठी.

चपलेवर खर्च करायला मागेपुढे पाहू नका. पुढे रुंद, तळ मऊ, टाचेला मागून पट्टा, आणि घेताना संध्याकाळी पायावर घालून बघायची, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. घरातसुद्धा अनवाणी नको. धसकटाचा तुकडा किंवा बाभळीचा काटा बधिर पायात घुसून दोन दिवस तसाच राहिलेला असू शकतो. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. भेगेतून रक्त किंवा पू आला, पाय एकाच बाजूने लाल आणि गरम झाला, बोट काळसर पडलं, तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शुगरच्या गोळ्या आणायला गेलात की डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सासूबाईंना चपला काढायला लावा आणि दोन्ही तळवे दाखवा.