लढाईच्या साली झालेली फुटबॉलची मॅच



फुटबॉल म्हटलं की आपल्याला पायानं मारायचा गोल चेंडू आठवतो. पण अमेरिकेतला फुटबॉल तसा नसतो. तिकडं चेंडू लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता. तो काखेत धरून पळायचं आणि दुसऱ्या संघानं पळणाऱ्याला धरून पाडायचं. दोन्हीकडं 11-11 गडी असतात. चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडली की 6 गुण. मग चेंडू लाथेनं खांबांमधून मारला की आणखी 1 गुण. चेंडूवाल्या गड्याला त्याच्याच रेघेमागं पाडलं तर पाडणाऱ्यांना 2 गुण. हे गुण लक्षात ठेवा, पुढं हिशेबाला लागतील.

1941 साली ओरेगॉन स्टेट कॉलेजच्या संघानं 9 सामने खेळले. 7 जिंकले, 2 हरले. त्यामुळं त्यांना 'रोझ बाऊल' या मोठ्या सामन्याचा मान मिळाला. हा सामना दरवर्षी नवीन वर्षाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया राज्यात पासाडेना गावी होत असे. समोर ड्यूक विद्यापीठाचा संघ होता. तो सगळेच्या सगळे 9 सामने जिंकून आला होता!

आता वर्गातल्या जगाच्या नकाशात अमेरिका शोधा. तिच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागर आहे. त्यात हवाई बेटे आहेत. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानच्या विमानांनी तिथल्या पर्ल हार्बर या बंदरावर बॉम्ब टाकले आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. पासाडेना हे गाव त्याच समुद्राच्या बाजूला आहे. तिथं हजारो माणसं एका जागी जमली आणि वरून विमानं आली तर काय करायचं? म्हणून सैन्यानं तिथं सामना नको असं सांगितलं. तेव्हा ड्यूकच्या लोकांनी, आमच्या गावी या, असं बोलावणं केलं. त्यांचं डरहॅम गाव देशाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडं आहे. ओरेगॉनची मुलं आगगाडीनं अख्खा देश ओलांडून तिकडं गेली.

पण संघातला एक मुलगा मागं राहिला. त्याचं नाव जॅक योशिहारा. तो जपानमध्ये जन्मला होता, पण लहानपणीच आईबरोबर अमेरिकेला आला आणि तिथंच वाढला. सरकारी माणसं सरावाच्या मैदानावर आली आणि त्याला जाता येणार नाही असं सांगितलं. का, तर जपानी माणसांना दूरच्या प्रवासाची बंदी झाली होती. जॅकनं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. बॉम्ब त्यानं थोडाच टाकला होता? तरी गाडी त्याला सोडून गेली.

1 जानेवारी 1942 रोजी डरहॅमला सामना झाला. दिवस पावसाचा होता. तरी सुमारे 56 हजार लोक बघायला आले. जागा पुरेना, म्हणून शेजारच्या कॉलेजांकडून बाकं आणली होती. मध्यंतराला 7-7 अशी बरोबरी. मग 14-14. मग बॉब डेथमननं चेंडू लांब फेकला, जीन ग्रेनं तो झेलला आणि रेघेपार पळाला. हा डाव 68 यार्डांचा झाला, म्हणजे सुमारे 62 मीटर. 6 गुण मिळाले, पण पुढचा 1 गुण हुकला. शेवटी ड्यूकनं 2 गुण मिळवले. ओरेगॉन 20, ड्यूक 16. पाहुणे जिंकले!

नंतर दोन्ही संघांतली पुष्कळ मुलं सैन्यात गेली. ड्यूकचे शिक्षक वॉलेस वेड हेसुद्धा गेले. मैदानात एकमेकांना पाडणारी मुलं आता एकाच बाजूनं लढत होती. 1944 साली इटलीत ड्यूकचा चार्ल्स हेन्स गोळी लागून डोंगरावर पडला होता. त्याला उचलून खाली आणणाऱ्यांत ओरेगॉनचा फ्रँक पार्कर होता. हेन्स वाचला. पण त्या सामन्यातले 4 खेळाडू युद्धात मेले, ड्यूकचे 3 आणि ओरेगॉनचा 1.

आणि जॅक? 1942 साली सरकारनं पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढलं आणि छावण्यांत ठेवलं. सुमारे 1,20,000 लोक! त्यांत म्हातारी माणसं आणि आपल्याएवढी मुलंही होती. जॅकला आयडाहो राज्यातल्या मिनिडोका छावणीत जावं लागलं. त्याचं कॉलेज सुटलं. 1988 साली अमेरिकेच्या सरकारनं या अन्यायाची माफी मागितली. 2008 साली कॉलेजनं जॅकला मानाची पदवी दिली, तेव्हा ते खूप म्हातारे झाले होते. 2009 साली ते वारले. माफी आली, पदवी आली, पण तो सामना काही त्यांना परत खेळता आला नाही.

मित्रांनो, दोन देशांचं भांडण होतं तेव्हा आपल्या शेजारच्या मुलावर राग काढू नये. तो कुठं जन्मला हे बघू नये, तो कसा वागतो हे बघावं.

सांगा पाहू :
1. ओरेगॉनचे 20 आणि ड्यूकचे 16 गुण कसे झाले? बेरीज मांडून दाखवा.
2. सामना पासाडेनाहून डरहॅमला का नेला?
3. तुम्ही जॅकच्या संघात असता तर गाडीत बसताना तुम्हाला काय वाटलं असतं?