कोरी वही

मुंबईत देवनारला कचऱ्याच्या गाड्यांवर मी मुकादम झालो, तेव्हा माझ्याकडे तीन गाड्या आणि चौदा माणसं होती. प्रत्येक गाडीची एक तक्रार वही असायची. ब्रेक लागत नाही, टायर गुळगुळीत झालाय, दिवा बंद आहे, असं काही असलं की ड्रायव्हरने किंवा लोडरने त्यात लिहायचं. पहिले चार महिने माझ्या तिन्ही वह्या कोऱ्या राहिल्या. दर शनिवारी त्या कंत्राटदाराच्या ऑफिसात दाखवताना मला अभिमान वाटायचा. बाकीच्या मुकादमांच्या वह्या भरलेल्या आणि माझ्या स्वच्छ. आपल्या हाताखाली माणसं सरळ चालतात, अशी माझी समजूत होती.

पाचव्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, एका कॉम्पॅक्टरचं मागचं झाकण अचानक खाली बसलं आणि आमच्या एका लोडरची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ज्यांच्या हाताखाली नुकतीच माणसं आली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काम कचऱ्याचं असो, दुकानाचं असो की ऑफिसचं, माझ्या हातून झालेली चूक तुमच्याही हातून होऊ शकते. ती होण्याआधी हे वाचा.

त्या दिवशी देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर खेप खाली केली होती. कचरा ओतला तरी कापडं, प्लॅस्टिक, दोऱ्या झाकणाच्या कडेला अडकून राहतात. त्या ओढून काढायला लोडरने हात घातला आणि वर उचललेलं झाकण सुटलं. त्याला दवाखान्यात पोचवून मी संध्याकाळी गॅरेजवर गेलो. मेकॅनिकने बॅटरी पेटवून मला हायड्रॉलिकचा पाइप दाखवला. पाइपला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती आणि पट्टीच्या कडेने तेल पाझरत होतं. ट्यूब तेलाने फुगून मऊ पडली होती. मेकॅनिक म्हणाला, "ही आजची नाही. आठवडा तरी झाला असेल."

गाडीच्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. नोकरीत ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी जुने. मी विचारलं, "मामा, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणखी कोणाला?"

"सगळ्यांनाच."

"मग मला का नाही सांगितलंत?"

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुकादम, गेल्या महिन्यात टायरचं सांगितलं होतं. तेव्हा काय झालं, ते आठवा."

मला आठवायला वेळ लागला. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर सकाळच्या हजेरीला टायर घासल्याचं सांगायला आला होता. गाडी निघायला आधीच उशीर झाला होता. मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो, "गाडी चालवायची नसेल तर घरी बसा." वर त्याचा अर्धा दिवस कापला होता. दुपारपर्यंत मी ते विसरूनही गेलो. चौदा माणसं विसरली नव्हती. त्यांनी त्यातून एक गोष्ट पक्की शिकून घेतली: मुकादमाला सांगितलं की पगार कापला जातो, नाही सांगितलं तर गाडी चालू राहते.

कंत्राटी माणसाची स्थिती इथे समजून घ्यायला हवी. उद्या बोलावणं येईलच, याची त्याला खात्री नसते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने कित्येक वर्षं कोर्टात झुंज दिली, तेव्हा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या कायमपणावर शिक्कामोर्तब झालं. जिथे कायम होण्यासाठी एवढं लढावं लागतं, तिथे अर्ध्या दिवसाचा पगार आणि चारचौघांतला अपमान किती मोठा असतो, हे मला कळायला हवं होतं. मी स्वतः त्याच रांगेतून वर आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. त्या पोराच्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होतं. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "मुकादम, माझीच चूक झाली. झाकणाला टेकू लावायला पाहिजे होता." बोटं त्याची गेली आणि माफीही त्यानेच मागितली. माझ्या मुकादमीने त्याला काय शिकवलं होतं, ते मला त्या वाक्यात दिसलं.

टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून देवनारला आहे. तिथले विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी वस्त्यांमध्ये येतात. त्यांतल्या एका मुलीला मी ही हकिकत सांगितली. तिने मला एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंचं काम समजावून सांगितलं. रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमध्ये औषधं देताना किती चुका होतात, हे त्या १९९० च्या दशकात तपासत होत्या. चांगल्या गटात चुका कमी सापडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटंच. जिथे प्रमुख चांगली आणि एकोपा जास्त, तिथे नोंदलेल्या चुकाही जास्त. मागोवा घेतल्यावर कारण उलगडलं: त्या गटांत चूक झाली तर बोलता येत होतं. बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी या मोकळेपणावर निबंध लिहिला आणि मानसिक सुरक्षितता ही कल्पना जगभर पोचली. ऐकताना मला माझ्या कोऱ्या वह्या आठवत होत्या.

खरं तर हा धडा डम्पिंगनेच मला आधी द्यायला हवा होता. १९२७ पासून इथे कचरा पडतो आहे. तो आत कुजतो, मिथेन तयार होतो आणि एकदा आग लागली की ती खोलवर धुमसत राहते. २०१६ च्या जानेवारीत मोठी आग लागली, तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला आणि आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. वरून पाणी मारलं की ज्वाळा दिसेनाशा होतात, पण आग आत असते. म्हणून जुने लोक जमीन कुठे गरम लागते, धुराची बारीक रेघ कुठून निघते, तिकडे लक्ष ठेवतात. धूर दिसत नाही म्हणजे आग नाही, असं इथला कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र मी नेमकं तेच धरून चाललो होतो.

त्यानंतर मी जे बदललं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला आपण पहिलं वाक्य काय बोलतो, यावर पुढचं सगळं ठरतं. "कोणी केलं?" हा प्रश्न मी मागे टाकला. आधी "बरं झालं सांगितलंत", मग "आता काय करायला हवं?" राग येतोच. तो गिळून हे दोन शब्द बोलायला मला दोन-तीन महिने लागले.

दुसरी, सांगण्यासाठी गेलेल्या वेळेचा पगार कधीही कापायचा नाही. गाडी उभी राहिली तर कंत्राटदाराला उत्तर मी देतो. "गाडी मी थांबवली," असंच सांगतो. वरचा राग आपल्यापाशी थांबला पाहिजे. तो जसाच्या तसा खाली सोडणारा माणूस मुकादम नव्हे, नुसता निरोप्या.

तिसरी, वहीत लिहिलेल्या प्रत्येक तक्रारीसमोर त्याच आठवड्यात मी काय केलं, ते लिहितो. काम झालं नसेल तर का झालं नाही, तेही लिहितो. उत्तर न मिळालेली तक्रार माणूस दुसऱ्यांदा करत नाही.

चौथी, आठवड्यातून दोन दिवस मी स्वतः गाडीवर जातो. मुंबईच्या डबेवाल्यांचा मुकादम गटाचा कारभार बघतो, ग्राहकांची भांडणं सोडवतो आणि स्वतः डबेही उचलतो. म्हणून त्याचा शब्द चालतो. मीही झाकणाखाली वाकून अडकलेली चिंधी ओढली, तेव्हा टेकू लावायला तिथे धड जागाच नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. खुर्चीत बसून ते कधीच कळलं नसतं. पुढच्या पंधरवड्यात तिन्ही गाड्यांना टेकूची खाच करून घेतली.

पाचवी, ऐकून घेणं म्हणजे ढिलाई नव्हे. पिऊन आलेल्या माणसाला मी आजही घरी पाठवतो. हातमोजे न घालणाऱ्याला गाडीवर चढू देत नाही. पण रागवायचं ते बाजूला नेऊन, चारचौघांत नाही. चूक कबूल करणारा आणि चूक लपवणारा यांना एकाच मापाने मोजायचं नाही. हा फरक माणसांना लख्ख दिसला पाहिजे.

तो लोडर तीन महिन्यांनी कामावर आला. आठवडाभर गप्पच असायचा. मग एका सकाळी हजेरीनंतर त्याने वही मागून घेतली, बोनेटवर ठेवली आणि उरलेल्या बोटांत पेन धरून हळूहळू लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी होती: "डावा आरसा हलतोय."

एवढासा आरसा. मी गाडी थांबवून ठेवली, पाना आणवला आणि त्याच्यासमोर आरसा घट्ट करून घेतला. मग त्याच्या ओळीपुढे तारीख घालून लिहिलं, "केलं." त्या दिवशी पहिली खेप वीस मिनिटं उशिरा गेली.